पद्मिनी तापली की घाटात बंद, गार झाली की चालू: करंट बघायचा की पेट्रोल?

प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट ११०० किंवा पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन तुकडे) आणि कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) कुठलीही जुनी गाडी घरी तयार करत असाल तर हा त्रास कधी ना कधी होणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. साताऱ्यात पोवई नाका, राजवाडा, गोडोली सगळीकडं फिरते, कसली तक्रार नाही. पण वीसेक मिनिटं सलग चालली किंवा घाट लागला की आधी पिकअप जातो, मग मिसिंग सुरू होतं, दोन झटके देते आणि बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते पण फायर घेत नाही. अर्धा तास बॉनेट उघडं टाकून उभं राहिलं की काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजला नेली की तिथं व्यवस्थित चालते, मिस्त्री काहीतरी एक पार्ट बदलतो, आठवडाभर बरं जातं आणि परत तेच.

हा त्रास परत परत येतो कारण गाडी तापल्यावर बंद पडते आणि आपण तिला गार झाल्यावर तपासतो. गार असताना कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) चांगली, कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा) चांगला, पेट्रोल चांगलं येतंय, मग दोष दिसणार कुठून? कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावरच सोडतं, कॉइलची आतली बारीक तार तापून पसरल्यावरच उघडते, पेट्रोलची वाफ पाइप तापल्यावरच होते. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं असं की गाडी जिथं बंद पडली तिथंच, गरम असतानाच, पहिल्या पाच मिनिटांत बघायचं की करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) गेलाय का पेट्रोल गेलंय. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं, आणि हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

माझी गाडी १९८४ची. सांगलीत गावभागात एका घराच्या अंगणात बरीच वर्षं उभी होती आणि ऑगस्ट २०१९च्या महापुरात पाण्यात गेली होती. तेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट, त्यामुळं गावभागातल्या गाड्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. इंजिन उघडलं, रिंगा-बेअरिंग केलं, पत्रा केला, वायरिंग नवीन ओढलं, सगळं साताऱ्यात घरीच. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, हात लावायला मोकळी जागा आहे, समजून घेऊन केलं तर घरी होण्यासारखंच काम आहे. गाडी सुंदर झाली आणि मग साताऱ्याहून कासकडं जाताना यवतेश्वरच्या घाटात बंद पडायला लागली.

ओळखीतले एक जुने मिस्त्री आहेत, फियाट आणि अँबॅसडरवर आयुष्य काढलेले. त्यांना म्हटलं, काका, तुम्हीच बघा एकदा. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "इथं आणून काय उपयोग? बंद पडली की तिथंच बघ. आधी करंट, मग पेट्रोल. आणि एका वेळी एकच गोष्ट कर." पुढं जे लिहिलंय ते सगळं त्या वाक्यावरच चाललंय.

डिकीत एक पिशवी कायम ठेवा. त्यात एक जुना पण चालू प्लग, ज्याच्या बॉडीला वायर आणि टोकाला मगरचिमटा लावलाय. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, म्हणजे साध्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी लावल्या तरी चालतं. एक मल्टिमीटर. एक जादा कंडेन्सर, त्यालाही दोन मगरचिमटेवाल्या वायरी आधीच जोडून ठेवलेल्या. कार्बोरेटरच्या पाइपच्या मापाचा हात-दीड हात पारदर्शक पेट्रोल पाइप, एक जाड काचेची बाटली, स्क्रूड्रायव्हर, सुती फडकी, पाण्याचा कॅन. आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर, हा टाळू नका, गरम इंजिनवर पेट्रोलचं काम करायचंय. घाटात उभं राहताना मागच्या चाकाला दगड लावा, हँडब्रेकवर विसंबू नका.

बंद पडल्यावर सेल्फ मारत बसायचं नाही. बॅटरी उतरली की करंट आपोआपच कमी होतो आणि मग टेस्टला अर्थ राहत नाही. इग्निशनही चालू सोडून खाली उतरू नका, कारण त्या वेळी पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सलग करंट वाहत राहतो आणि कॉइल आणखी तापते.

आधी नाकानं बघा. पेट्रोलचा वास जोरात येतोय, कुठं गळतंय का, तसं असेल तर ठिणगीची टेस्ट अजिबात करायची नाही, आधी ते पुसून उडून जाऊ द्या. वास नसेल तर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला करंट वाटणारा भाग) कॅपवरची मधली जाड वायर काढा, तिच्या टोकाला तो जादा प्लग लावा, प्लगचा चिमटा इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला, कार्बोरेटरपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सोबत माणूस असलेला बरा. चांगला करंट निळसर-पांढरा असतो, टक टक असा आवाज स्पष्ट ऐकू येतो, उन्हातही दिसतो. पिवळट किंवा केशरी, बारीक, आवाज न करणारी ठिणगी असेल तर तिला करंट आहे असं धरू नका, उघड्यावर पडणारी ती ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली पडत नाही. इथंच बरेच जण फसतात, ठिणगी दिसली म्हणजे करंट आहे असं म्हणून पेट्रोलच्या मागं लागतात.

करंट चांगला असेल तर पेट्रोल बघा. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हातानं थ्रॉटल ओढा. ज्या कार्बोरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंप आहे तिथं पेट्रोलची बारीक धार आत पडलेली दिसली पाहिजे. धार नाही म्हणजे बहुधा फ्लोटचं भांडं (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा साठा) रिकामं. मग टाकीचं झाकण उघडा आणि कान देऊन ऐका. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर दोन-चार सेल्फमध्ये गाडी चालू झाली तर टाकीचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल बाहेर जातंय आणि त्या जागी हवा येत नाही, आत व्हॅक्यूम धरतो आणि एसी पंपाला (इंजिनवर चालणारा, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) ओढवत नाही. रंगकाम करताना हे भोक बुजणं अगदी कॉमन आहे, किंवा कुणीतरी दुसऱ्या गाडीचं बिनभोकाचं झाकण बसवलेलं असतं. फुकटात होणारी टेस्ट आहे, पेट्रोलच्या बाजूनं सगळ्यात आधी हीच करा.

झाकणाचं काही नसेल तर एसी पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी पाइपच्या जागी तो पारदर्शक पाइप लावा. हा फक्त तपासणीपुरता, रोजच्या वापराला नाही, उष्णतेनं तो मऊ पडतो. आता सेल्फ मारल्यावर काय दिसतं ते बघा. पाइप पूर्ण भरून ठेक्यात पेट्रोल सरकतंय, म्हणजे पंप चांगला. नुसते बुडबुडे येतायत, म्हणजे एक तर पंपाच्या आधीच्या पाइपमधून कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा पेट्रोलची वाफ होतेय. या दोन्हींतला फरक असा, की हवा ओढणारी गाडी गार असतानाही थोडे बुडबुडे दाखवते, वाफेचे बुडबुडे फक्त तापल्यावर. पाइपमध्ये काहीच येत नाही तर पंपाचा डायफ्राम किंवा टाकीतला अडथळा.

वाफेचं थोडं समजून घ्या, कारण हल्ली हे वाढलंय. पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही, त्यातला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतो. एसी पंप इंजिनवर बसलेला, त्याला इंजिनची धग, आणि तो टाकीकडून पेट्रोल ओढतो म्हणजे त्या बाजूला दाब कमी, दाब कमी म्हणजे वाफ लवकर. त्यात आपला घाट. सातारा शहर सातशे मीटरच्या आसपास, कास पठार बाराशेच्या, म्हणजे वर जाईल तसा हवेचा दाबही कमी होतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय, गाडीचा वेग कमी म्हणून बॉनेटखाली हवा फिरत नाही, मे महिन्याची दुपार. त्यावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, ते मिसळलं की एकूण मिश्रण जरा लवकर वाफाळतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं आहे, साखर कारखान्यांचे डिस्टिलरी प्लांट आपल्या आजूबाजूलाच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही, शेतकऱ्याला पैसे मिळतायत. पण गाडी त्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही हे धरून आपल्यालाच तिच्यात बदल करावे लागतात. शिवाय इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळं तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के पेट्रोल जास्त लागतं. जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. लीन चालली की आणखी तापते. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं दिसत असेल तर मेन जेट एक साइज मोठा करून बघा.

वाफ होतेय अशी शंका असेल तर फडकं पाण्यात भिजवून फक्त एसी पंपावर आणि त्याच्या पाइपवर टाका. दोन-तीन मिनिटांत गाडी चालू झाली तर उत्तर मिळालं. कॉइलची शंका असेल तर वेगळ्या वेळी इग्निशन बंद करून फक्त कॉइलच्या बॉडीवर ओलं फडकं गुंडाळा, वरच्या टर्मिनलला पाणी लागू देऊ नका. दोन्हींवर एकदम पाणी ओतायचं नाही. घाटात लोक मदतीला येतात, बाटल्या घेऊन सगळ्या इंजिनवर पाणी मारतात, गाडी चालू होते आणि कशामुळं झाली ते कुणालाच कळत नाही. गरम एक्झॉस्टवर गार पाणी पडून मॅनिफोल्ड तडकू शकतो ते वेगळंच.

वाफेवरचे उपाय साधे आहेत. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवा. एक्झॉस्ट आणि पंपाच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा करा, पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी हवा फिरेल अशी जागा ठेवून. कार्बोरेटरच्या खाली जो जाड बेकेलाइटचा तुकडा असतो तो बघा, बऱ्याच गाड्यांत तो तुटलेला असतो आणि त्या जागी कुणीतरी नुसतं पातळ पॅकिंग लावलेलं असतं. तो तुकडा उष्णता अडवण्यासाठीच आहे.

आता याच्या अगदी उलटा एक प्रकार. चालताना बंद पडत नाही, पण वर पोहोचल्यावर चहाला थांबलात, दहा-पंधरा मिनिटांनी आलात आणि आता चालू होत नाही. इथं पेट्रोल कमी नसतं, जास्त झालेलं असतं. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, धग वर चढते आणि फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये सांडतं. बॉनेट उघडल्यावर वास येतो, प्लग काढले तर ओले. अशा वेळी चोक ओढायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर पंप केल्यासारखा हलवायचा नाही, पूर्ण दाबून धरायचा आणि सलग सेल्फ मारायचा, जास्तीचं पेट्रोल निघून गेलं की फायर घेते. घाटात चालताना बंद पडणं आणि थांबल्यावर चालू न होणं हे दोन वेगळे आजार आहेत, कुणाला सांगताना यातलं नेमकं कुठलं ते नीट सांगा, नाहीतर सल्ला भलताच मिळतो.

माझ्या गाडीचं आधी पेट्रोलच निघालं. घाटात बंद पडली तेव्हा करंट चांगला होता, पारदर्शक पाइप कोरडा, आणि थोडा वेळ थांबल्यावर परत भरून पेट्रोल येत होतं. वाफ असती तर बुडबुडे दिसले असते, ते नव्हते. टाकीचं ड्रेन उघडून सगळं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि तसंच ठेवून दिलं. तासाभरात तळाला तीन थर दिसायला लागले: सगळ्यात खाली नदीच्या गाळाचा अगदी बारीक करडा थर, त्यावर गंजाच्या तपकिरी पापड्या आणि त्या दोन्हींवर थोडं पाणी, वरच्या पेट्रोलपेक्षा वेगळं चमकणारं. टाकी बाहेरून रंगवलेली, सुंदर दिसत होती. आत पुराचा गाळ तसाच. आधी तो एका जागी घट्ट बसून असणार, पण इथेनॉल जुना चिकटा सोडवतं, म्हणून गाडी चालायला लागल्यावर ते सगळं सुटं झालं. शहाळ्यात स्ट्रॉ घातली आणि मलईचा तुकडा तोंडाशी आला की जसं ओढणं थांबतं तसंच इथं होतं, पंप ओढतोय तोवर पापड्या पिकअप पाइपच्या जाळीला चिकटत जातात, पेट्रोल कमी कमी होत जातं, गाडी बंद पडली की ओढ संपते आणि त्या परत तळाला पडतात. अर्ध्या तासानं जाळी मोकळी. म्हणजे उष्णतेचा काही संबंधच नाही, तरीही लक्षण अगदी तापल्यासारखं. कार्बोरेटर कितीही वेळा साफ करा, फिल्टर बदला, हा दोष जात नाही, कारण तो फिल्टरच्या अलीकडं आहे.

टाकी घरी साफ करता येते, पण सावकाश. टाकी गाडीतून काढून पूर्ण रिकामी करायची, उघड्यावर एक-दोन दिवस ठेवायची, आसपास बिडी-सिगारेट, ग्राइंडर, वेल्डिंग काही नको. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावणं म्हणजे जीव घालवणं आहे, भोक असेल तर हे काम रोज करणाऱ्याकडंच द्या. आधी साबणाच्या पाण्यानं गाळ काढा. मग मूठभर छोटे नट-बोल्ट आत टाकून खळखळवा, टाकलेले मोजून ठेवा म्हणजे तेवढेच बाहेर आले का ते कळतं. नंतर सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं, लिटरला शंभर ग्रॅमच्या हिशेबानं कोमट पाण्यात, टाकी काठोकाठ भरून रात्रभर. सकाळी काळंनिळं पाणी निघतं. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं, आणि कडक उन्हात वाळवा. वाळल्याबरोबर थोडं पेट्रोल आणि टू-टी ऑइल एकत्र करून आत फिरवा, नाहीतर धुतलेला उघडा पत्रा संध्याकाळपर्यंत परत लाल होतो. पिकअपची जाळी नवीन बसवा आणि टाकी ते पंप या मध्ये एक पारदर्शक फिल्टर ठेवा, तो एक्झॉस्टपासून लांब.

रबरी पाइप त्याच वेळी सगळे बदला. साधे काळे पाइप इथेनॉलनं आतून फुगतात, मऊ होतात आणि त्यांचे काळे कण जेटमध्ये येतात. एसएई जे३० आर९ असा छाप असलेला पाइप मागा, महाग पडतो पण टिकतो. एसी पंपाचा डायफ्रामही जुना असेल तर बदला. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि एका मर्यादेपुढं पाणी-इथेनॉल एकत्र होऊन तळाला वेगळं बसतं. मग गंज परत सुरू.

टाकीनंतर गाडी बरीच सुधारली, पण कधीतरी तसंच व्हायचं, आणि आता लक्षण जरा वेगळं. आधीसारखं हळूहळू पिकअप जाऊन नाही, आता मिसिंग, एक्झॉस्टमधून फट फट आणि एकदम बंद. हे ऐकून शिकण्यासारखं आहे. पेट्रोल संपत जातं तेव्हा गाडी मरगळत जाते. करंट जातो तेव्हा ती झटके देते. नेहमीच असं होतं असं नाही पण दिशा मिळते. घाटाच्या वळणावर प्लग लावून बघितला तर ठिणगी पिवळी, दोऱ्याएवढी.

करंट नसेल किंवा कमी असेल तर टेस्ट लॅम्प काढा. लॅम्पची एक वायर अर्थला, दुसरी कॉइलच्या प्लस टर्मिनलला, इग्निशन चालू. पेटला म्हणजे सप्लाय येतोय. नाही पेटला तर दोष स्विच, कनेक्शन किंवा वायरिंगमध्ये. मग तीच वायर कॉइलच्या मायनसला, जिथून डिस्ट्रिब्युटरला वायर जाते, आणि सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला पाहिजे, पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो. सलग पेटलेला राहिला तर पॉइंट टेकतच नाहीयेत, किंवा काजळले आहेत, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर तुटलीय. सलग विझलेला राहिला तर कुठंतरी अर्थ झालंय, पॉइंट चिकटलेत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे, नाहीतर कॉइलचं प्रायमरी (जाड तारेचं वेटोळं) तुटलंय. आणि व्यवस्थित लुकलुकतोय पण ठिणगी मरतुकडी, तर कंडेन्सर, कॉइलचं सेकंडरी (बारीक तारेचं वेटोळं) किंवा ती जाड वायर. प्लग लावल्यावर त्या मधल्या वायरवर ठिणगी सणसणीत आहे पण सिलिंडरच्या प्लगवर येत नाही, तर रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) किंवा कॅपला बारीक चीर. त्या आतल्या बारीक वायरीकडं खास लक्ष द्या, वरून कापडी आवरण चांगलं दिसतं आणि आत तांब्याचे केस तुटलेले असतात, इंजिनच्या थरथरीत कधी टेकतात कधी सुटतात. हलकेच ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर आत तुटलीय.

माझ्याकडं लॅम्प लुकलुकत होता. म्हणून जुन्या कंडेन्सरची वायर सोडली आणि पिशवीतला कंडेन्सर चिमट्यांनी लावला, एक चिमटा कॉइलच्या मायनसला, एक अर्थला. जुन्याची वायर सोडणं गरजेचं, तो शॉर्ट असेल तर नवीन जोडून काही उपयोग नाही. सेल्फ मारला आणि चालू, बॉनेटखालचं सगळं भाजत असताना. कुठंही गार होऊ दिलं नव्हतं, म्हणून खात्री. घरी येऊन पॉइंट काढून बघितले तर एका तोंडावर खड्डा आणि समोरच्या तोंडावर तेवढाच उंचवटा, दोन्हीकडं निळसर काळं. पॉइंट उघडताना करंटला जायला जागा म्हणून कंडेन्सर असतो, तो कमी पडला की तीच ठिणगी पॉइंटवर पडते, धातू इकडून तिकडं जातो आणि कॉइलला झटका मिळत नाही. असे पॉइंट दिसले तर नुसते पॉलिश पेपरनं घासून बसवू नका, कंडेन्सर बदला. गॅप साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास, नेमका आकडा आपल्या डिस्ट्रिब्युटरच्या मेकप्रमाणं बघून फिलर गेजनं.

बिघडलेला कंडेन्सर नवाच होता, आणि यात नवल नाही. पद्मिनीचं प्रॉडक्शन २००० सालच्या आसपास थांबलं, मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, म्हणजे रोज पार्ट खपवणारं गिऱ्हाईकच संपलं. दुकानात जे मिळतं ते कुठलं आणि किती जुनं ते सांगता येत नाही. म्हणून नवीन कंडेन्सर आणला की मल्टिमीटरवर कपॅसिटी बघा, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास हवी, मग तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि परत मोजा. आकडा उड्या मारत असेल तर परत करा. मीटर कमी व्होल्टेजवर मोजतो आणि गाडीत कंडेन्सरवर दोनशे-तीनशे व्होल्ट येतात, त्यामुळं मीटरवर पास झाला म्हणजे शंभर टक्के चांगला असं नाही, पण मीटरवरच नापास होणारेही बरेच निघतात. जुन्या गाडीतून निघालेला ओरिजिनल चालू कंडेन्सर मिळाला तर टाकू नका, जपून ठेवा. मी आता तो डिस्ट्रिब्युटरला चिकटून न ठेवता कॉइलच्या मायनसपासून जवळच बॉडीला, पंख्याची हवा लागेल अशा जागी बसवलाय, इलेक्ट्रिकली काही फरक पडत नाही आणि धग निम्म्यावर येते. बरेच जण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाका म्हणतात. चांगलं किट मिळत असेल तर वाईट नाही. पण ते घाटात गेलं तर रस्त्यावर दुरुस्त होत नाही, पॉइंट मात्र नेलकटरच्या कानशीनं घासूनसुद्धा घरी आणता येते, म्हणून मी पॉइंटच ठेवलेत.

कॉइल बदलणार असाल तर तिचा प्रायमरी रेझिस्टन्स आधी मोजा. बॅलास्ट (कॉइलला जाणारा करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या सिस्टिमला तीन ओहमच्या आसपासची कॉइल लागते. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली की करंट दुप्पट जातो, कॉइल हात लावता येणार नाही एवढी तापते, आणि पॉइंटही जळतात. दुकानात दोन्ही दिसायला सारख्याच.

पुरातल्या गाडीत अर्थिंग हा एक वेगळा विषय आहे, सांगली, कोल्हापूरकडून गाडी आणणाऱ्यांनी तर नक्की बघा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक काडी बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. अर्धा व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिनची अर्थ पट्टी खराब. वरून हिरवट झालेली, आत पावडर झालेली असते. तसंच इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले, आणि कॉइलच्या प्लसला किती व्होल्ट येतात ते बघा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टच्या वर कमी असेल तर मधला स्विच किंवा कुठलं तरी टर्मिनल खातंय, आणि ते तापल्यावर आणखी खातं. नवीन रंग मारलेल्या बॉडीवर अर्थ लावताना तेवढ्या जागेचा रंग खरवडायला विसरू नका.

दुरुस्ती झाली की तपासायची पद्धत एकच. गार गाडी गल्लीत फिरवून उपयोग नाही. दुपारच्या उन्हात साताऱ्यातून समर्थ मंदिराकडून यवतेश्वर चढून कासपर्यंत, पंचवीसेक किलोमीटर, वर इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, चोक न ओढता चालू करायची आणि त्याच रस्त्यानं खाली. सांगलीकरांना घाट लांब पडतो, त्यांनी भर उन्हात गावातल्या ट्रॅफिकमधून फिरवून मग हायवेला घ्यावी. एका वेळी एकच पार्ट बदला, वहीत तारीख आणि काय बदललं ते लिहा, आणि काढलेला जुना पार्ट त्यावर चिठ्ठी लावून ठेवा, म्हणजे परत काही झालं तर तोच लावून ताडून बघता येतं.

एवढं सगळं बघूनही करंट निळा, पेट्रोल भरपूर, प्लग कोरडे आणि तरी तापल्यावर बंद पडतेय, सेल्फला इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरतंय असं वाटत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा. इंजिन केल्यावर टॅपेट फार टाइट ठेवले असतील तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं, गार झालं की परत येतं. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचं रीडिंग गरम असताना घ्या, तेच गार असताना घेतलेल्या रीडिंगशेजारी लिहा, आणि जो सिलिंडर गरम असताना पडतो त्याचे टॅपेट आधी सैल करून बघा, हेड लगेच उघडायला जाऊ नका.